सातवी बाजू

ठाण्यात गवंड्यांना भूमिती शिकवणाऱ्या विश्राममास्तरांनी पैज लावली होती, की नुसत्या कंपास-पट्टीने वर्तुळात सात समान बाजू कोणी बसवून दाखवल्या, तर ते जन्मात पगडी घालणार नाहीत. सहा बसतात, सात कधीच जुळत नाहीत, हे त्यांना पुस्तकाने सांगितलं होतं. गुणाजी गवंड्याला कोणीच सांगितलं नव्हतं. त्याने पाटीवर सात काढल्या आणि टोकं जुळली.

मास्तरांनी चष्मा पुसून तीनदा पाहिलं. चूक असणारच, पण ती पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीत दडली होती. "हेच मोठं काढ," ते म्हणाले. मग शेजारच्या कोपरी गावातल्या झाडून साऱ्या विहिरींचे दोर सोडवून एकाला एक जोडले. त्या दिवशी गावाने पाण्याचं तोंड पाहिलं नाही. दीडशे हातांच्या त्या दोराने गुणाजीने मिठागरात तीच आकृती आखली, आणि सातवी बाजू दोन हात अलीकडेच संपली.

पगडी वाचली. मास्तर हलकेच म्हणाले, "पाहिलंस गुणाजी? फट राहिलीच."

"राहिली नाय मास्तर, ठेवली. आत जायाला दार नको?"