खोलीत दोघंच होते

परीक्षक महाशय, तुम्ही धडधडीत खोटं लिहिलंत. माझ्या नवऱ्याच्या कादंबरीला बक्षीस दिलंत आणि वर मलपृष्ठावर छापून आणलंत, ‘इतकं निर्भीड, इतकं खरं लेखन अलीकडे वाचनात आलं नाही.’

मीही वाचली. भाषा अशी गुळगुळीत की बोट ठेवावं तर घसरतं. नायक पानोपानी रडतो, तोंड धुतो आणि पुन्हा रडायला बसतो. त्याची बायको मात्र एकदाच पडते. ‘खोलीत दोघंच होते. भांडता भांडता तिचा तोल गेला आणि कपाळ दाराच्या कडीवर आपटलं.’

माझा तोलबिल काही गेला नव्हता. नवरा मित्राला नवं प्रकरण वाचून दाखवत होता. मी चहा घेऊन आले आणि एवढंच म्हणाले, “हे असं घडलं नव्हतं हो.” त्याने मला ढकललं. समोरच्या खुर्चीतल्या मित्राने सांडलेल्या चहातून पाय वर उचलून घेतले आणि म्हणाला, “वहिनी, जरा जपून.”

आता सांगा भावजी, त्या खोलीतून तुम्हाला त्याने वगळलं, की तुम्हीच वगळायला लावलंत?