ऐंशी किलोचा माणूस

“याला घेऊन उडाल?” व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेणाऱ्या कॅप्टनने विचारलं.

वर्षालीच्या मोबाइलवर एका धिप्पाड पर्यटकाचा फोटो होता. टोपी, दुर्बीण, गुडघ्यापर्यंतची चड्डी. खाली आकडे होते. त्याने स्वतः सांगितलेलं वजन ८० किलो, बॅग १५ किलो. धावपट्टी वाळूची, सातशे मीटर. तापमान अडतीस. विमान सहा आसनांचं, एका इंजिनाचं, बाकी माणसं आधीच बसलेली.

बोत्सवानातल्या जंगलात पर्यटकांची ने-आण करणारी छोटीशी कंपनी होती कॅप्टनची. “पोरगी आफ्रिकेत इमानाची काळीपिवळी चालवनार हाय,” असं वर्षालीचे वडील खुशालराव वलगावभर सांगत फिरत होते. ते फारसं चूक नव्हतं. फक्त काळीपिवळी जीपच्या दाराला अकरावा माणूस लटकू शकतो, विमानाच्या नाही.

वर्षालीकडे वैमानिकाचं लायसन्स होतं आणि उड्डाणाचे दोनशे चार तास होते. एवढ्या तासांवर भारतातल्या कंपन्या अर्ज उघडूनही पाहत नव्हत्या. जंगलात उडणाऱ्या छोट्या कंपन्या कधीकधी नवख्यांना घेतात, म्हणून तिने त्र्याहत्तर ईमेल पाठवले. बहात्तर ठिकाणांहून उत्तर आलं नाही. ही त्र्याहत्तरावी कंपनी होती आणि तिने मुलाखतीला वीस मिनिटं दिली होती.

घरात नेटवर्क फक्त मागच्या शेडमध्ये नीट यायचं. आणि दुपारी अडीच वाजता शेडमध्ये तिची आई, दुर्गाबाई, उद्याच्या अमरावतीच्या बाजारासाठी वांग्यांचे कट्टे, म्हणजे छोटी पोती, भरत बसली होती. “तू चूप बसजो, आई,” असं वर्षालीने सकाळपासून चारदा बजावलं होतं. “मी कायले बोलू? मले का इंग्रजी येते?” असं दुर्गाबाईने चारदा सांगितलं होतं.

वर्षालीने विमानाच्या क्षमतेचा तक्ता पाहिला, मनात आकडेमोड केली.

“गरम हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते. धाव सहाशे वीस मीटरपर्यंत जाईल. पण वजन मर्यादेत आहे. उडेन, सर.”

“ऐंशी?” मागून आवाज आला. दुर्गाबाई हातात वांगं घेऊन पडद्यावर वाकली होती. “याले ऐंशी कोन म्हनते? काटा मारून राहिला हा बाबू!”

“आई!”

“अवं, त्याची मान पाह्य ना. पंच्यान्नवच्या खाली निघाला तर मले सांग.”

“कोण बोलतंय?” कॅप्टनने विचारलं.

“माझी आई, सर. माफ करा. बावीस वर्षं भाजी विकते.”

“काय म्हणतायत?”

वर्षालीने सांगितलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“शहाण्णव,” कॅप्टन म्हणाला. “आम्ही त्याला नंतर काट्यावर उभं केलं होतं. तुम्ही मात्र त्याला ऐंशी धरून उडायला निघाला होतात.”

वर्षालीचे कान तापले. पडद्यावर दुसरा फोटो आला. एक बाई, सांगितलेलं वजन साठ.

“बासष्ट,” दुर्गाबाई म्हणाली. “बाई इमानदार हाय.”

तिसरा फोटो. “एकशे दहा. याले एकट्यालेच न्या.”

वर्षालीने भाषांतर केलं तसा कॅप्टन मोठ्याने हसला. वीस मिनिटांतली नऊ मिनिटं आईने घेतली होती, आणि मुलाखत उत्तम चालली होती. फक्त ती वर्षालीची नव्हती.

“आता तुम्ही सांगा,” कॅप्टन म्हणाला. “वजन खोटं सांगणाऱ्याचं काय कराल?”

“खाली ठेवीन, सर. कोणीही असो. एक आकडा खोटा असला की त्याच्यावरचं सगळं गणित खोटं.”

दिवसभरातलं तिचं हे सगळ्यात चांगलं वाक्य होतं. कॅप्टनने मान डोलावली.

“छान. आईंना शेवटचं विचारा. वैमानिकाचं वजन किती?”

वर्षालीने विचार न करताच मराठीत विचारून टाकलं. दुर्गाबाईने कट्ट्यातून मान वर काढली नाही.

“तुयं? अठ्ठावन्न. दिवाळीच्या आंधी छप्पन होतं.”

फॉर्मवर तिने बावन्न लिहिलं होतं. अशा कंपन्यांना हलके वैमानिक आवडतात, वैमानिकाचा एक किलो वाचला की एक किलो सामान जास्त जातं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. लिहिताना ते सहा किलो फारसे जड वाटले नव्हते.

कॅप्टनला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. बावन्न काय, अठ्ठावन्न काय, त्याच्या कानाला सारखंच. आईला इंग्रजी येत नव्हती. दोघांच्या मध्ये एकटी वर्षाली होती.

“काय म्हणाल्या?”

“अठ्ठावन्न,” वर्षाली म्हणाली. मग तिने श्वास घेतला. “त्यांचं बरोबर आहे, सर. फॉर्मवर मी बावन्न लिहिलं, ते खोटं आहे.”

पलीकडे पुन्हा कागद चाळल्याचा आवाज आला. कॅप्टनने तिचा फॉर्म काढून त्यावर काहीतरी लिहिलं.

“काय झालं वं?” दुर्गाबाईने विचारलं. “का लिहून राहिला थो?”

“वैमानिकाच्या वजनाचा हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो,” कॅप्टन म्हणाला. “आत्तापर्यंत एकतीस जण झाले. मुलाखतीत वजन वाढलेल्या तुम्ही पहिल्याच. कधी येताय?”