वलगावची ओपनिंग

मेथीच्या चार जुड्या. सकाळची अमरावती-अकोला बस. तेलकट कागदातला ठेचा. रेटिंग अठराशे बारा. एक घर.

पुन्हा एक घर.

माणिकबाईने राजासमोरचं प्यादं एक घर सरकवलं. मग वजिरासमोरचं. तेही एकच. मग उंटासमोरचं. समोर बसलेल्या रोहित सरांनी मान वर केली. अठराशे बारा रेटिंग, म्हणजे स्पर्धांमधून मिळालेले गुण, त्यांचंच; अमरावतीत त्यांचा बुद्धिबळाचा क्लास. आठ विद्यार्थी पाठीशी उभे. पहिल्या चालीला प्यादं दोन घरं टाकता येत असताना कुणी एकेक कशाला सरकवेल?

"काकू, ही कुठली ओपनिंग?"

"वलगावची."

सरांनी कपाळ पुसलं. नक्कीच कॉम्प्युटरवरची नवी तयारी. सापळा आहे, पण कुठे? ते शोधत बसले.

माणिकबाईला डोळ्यांसमोर वलगावचा पार दिसत होता. अकरा वर्षं त्या पारासमोर भाजी विकता विकता तिने तिथले डाव पाहिले होते. एकदा म्हणाली, मलेबी खेळू द्या. पारावरचा जुना खेळाडू जानराव सगळ्यांदेखत हसला. "वहिनी, एखादा रेटिंगवाला हरवून या. मंग बसा." तोच जानराव आज मजा पाहायला अकोल्याच्या या स्पर्धेपर्यंत आला होता. आता दाराशी उभा राहून नखं खात होता.

पंचवीस मिनिटांतली बावीस सरांनी सापळा शोधण्यात घालवली. उरलेल्या तीन मिनिटांत समोरची प्याद्यांची भिंत काही फुटली नाही. सरांच्या घड्याळावर शून्य आलं. पंचाने डाव माणिकबाईला दिला.

"पारावर तुमची जागा पक्की, वहिनी," जानराव पुढे येऊन म्हणाला.

माणिकबाईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिने पंचाची बाही धरली.

"भाऊ, आता मलेबी रेटिंग भेटन ना?"

"भेटेल की. का हो?"

"मंग मायी प्यादीबी दोन घरं चालतीन!"

पंच बघतच राहिला. सरही.

"असे काहून पाहून राहिले? आमच्या पारावर सगळ्यायले एकच घर. इथं पयल्या फेरीतलं पोट्टं दोन घरं चाललं, तं म्या इचारलं. थे म्हणे, मावशी, रेटिंगवाल्यायलेच चालते."

सकाळी नोंदणीच्या टेबलावर मिळालेल्या नियमांच्या कागदात तिने ठेचा बांधला होता.