धोंडाबाईंचा कोंबडा

नेरे गावातल्या मुलींच्या कबड्डी संघाला मॅट घ्यायची होती, म्हणून कर्णधार गौतमी दारोदार वर्गणी मागत फिरत होती. धोंडाबाईंनी पैशांऐवजी तिच्या हातात कोंबडाच दिला. "लई वरडतुया मेला. घिऊन जा ह्याला."

गौतमीने सोडत काढायचं ठरवलं आणि बक्षीस म्हणून कोंबडा ठेवला. गावाला त्याचा गळा ठाऊक होता, त्यामुळे गावात तिकीट खपेना. शेजारच्या टॉवरमधले लोक मात्र रांग लावून आले. रात्रपाळी करून झोपलेल्या त्या माणसांना हा कोंबडा रोज पहाटे उठवायचा. तो एकदा ताब्यात आला की कायमचा बंदोबस्त करायचा, या इराद्याने त्यांनी तिकिटांचे गठ्ठेच्या गठ्ठे उचलले. मॅटचे पैसे जमले.

कोंबडा लागला अकराव्या मजल्यावरच्या जाईबाईंना. गावाकडून लेकाकडे राहायला आलेल्या जाईबाईंना टॉवरमध्ये करमत नव्हतं. त्यांनी त्याला कौतुकाने बाल्कनीत ठेवलं, दाणे घातले. "आता कसं गावच्या घरात असल्यागत वाटतंया," त्या म्हणाल्या. आता त्याची बांग उंचावरून प्रत्येक मजल्यावर ऐकू जाऊ लागली.

चारच दिवसांत सोसायटीचे चेअरमन कोंबडा घेऊन गौतमीच्या दारात उभे राहिले. "मॅडम, जाईबाईंना सोबतीला मांजर आणून दिलंय, पण कोंबडा कापायचा नाही अशी त्यांची अट आहे. हा तेवढा परत घ्या. हवं तर वर देणगी देतो."

गौतमीने कोंबडा काखोटीला मारला.

"देणगी कशाला, साहेब? पोरींच्या जर्सी राहिल्यात अजून. रविवारी परत सोडत हाय, तुमी फकस्त तिकिटं घ्या."