गौरी जेवल्या त्या दिवशी

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि माझ्या बायकोला विचारलं, "गाठ पहिल्यांदा हाताला कधी लागली?"

तिला तारीख आठवेना. आठवत आठवत ती मागे जात राहिली. "लेकीची बारावी चालू होती, तेव्हा होतीच. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हाही होती. दिवाळीत चकल्या पाडताना ठणकत होती." मग म्हणाली, "गौरी जेवल्या ना, त्या दिवशी सकाळी अंघोळ करताना लागली."

"म्हणजे सात महिने झाले! घरात कुणालाच सांगितलं नाहीत?"

माझी मान खाली गेली. त्याच दिवशी पाहुणे गेल्यावर ओट्याशी भांडी लावता लावता ती म्हणाली होती, "अहो, इथे काहीतरी हाताला लागतंय." मी फोनवरून डोळे न काढता उत्तर दिलं होतं, "कारखान्यातलं नवं मशीन एकदा बसू दे, मग जाऊ." मशीन बसलं, ट्रायल झाली, मला बढतीही मिळाली. तिने पुन्हा विषय काढला नाही आणि मीही विचारलं नाही.

आता ती डॉक्टरांना काय सांगणार, म्हणून मी तिच्याकडे बघत राहिलो.

तिने ओढणी सारखी केली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नाही हो डॉक्टर," ती म्हणाली, "यांना सांगितलं असतं, तर हातातलं काम टाकून यांनी त्याच दिवशी मला इथे आणलं असतं."