जनूचा शर्ट

धाटावच्या कारखान्यात केमिकलचा पाइप फुटून जनूचे डोळे गेले, तेव्हा त्याच्या अंगात निळा शर्ट होता. ठेकेदार मात्र म्हणत होता, हा त्या दिवशी कामावर नव्हताच, घरी भिंतीला चुना मारताना डोळ्यांत उडाला. सोबतचे कामगार साक्षीला तयार नव्हते. आता पुरावा म्हणजे फक्त शर्टावरचे डाग. ते तपासून घ्यायचे म्हणून मी शर्ट मागवला. हौसा नवऱ्याचा हात धरून माझ्या रोह्याच्या ऑफिसात आली. तिने शर्ट टेबलावर ठेवला, स्वच्छ धुतलेला, कडक इस्त्रीचा. "जज्जसाहेबांपुढं मळका कसा न्यायचा, मॅडम?" ती म्हणाली. माझ्या वकिलीची ही पहिलीच केस. मी घडी उलगडून बघत राहिले. जनू चाचपडत पुढे झाला. "हाताला खरखर लागायची, तिथं मीच घासलंय. डाग ऱ्हायला नाय ना कुठं?" "नाही," मी म्हणाले. "एकही नाही."