जवळ्याची वाटी

"तोंड उघड," ओकबुनमावशी म्हणाल्या.

कोबीच्या कोवळ्या पानात लाल मसाला गुंडाळून त्यांनी हात उचलला, आणि मिरानचं कोपर झर्रकन चेहऱ्यासमोर आलं. डोळे गच्च मिटले.

अंगणात सहा जणी हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट मुरवलेलं लोणचं, घालत बसल्या होत्या. मार चुकवून, पोरंबाळं घेऊन या घरात आलेल्या. ज्या त्या बाईने आपापल्या कोबीवर मान वाकवली. जिरी डोंगराकडून वारा येत होता.

मावशींनी हात खाली घेतला. मग त्या अडुसष्ट वर्षांच्या गुडघ्यांना शिव्या घालत तिच्यासमोर फतकल मारून बसल्या आणि त्यांनी स्वतःचाच आ वासला.

"मग तू भरव. पहिला घास कुणीतरी भरवायचाच असतो. चल, माशी जाईल तोंडात!"

मिरानने डोळे उघडले. त्यांच्या हातातलं पान घेऊन त्यांच्याच तोंडात ठेवलं.

"आता दुसरं घे आणि तू खा. सांग कसं झालंय."

तिने घास तोंडात टाकला. "छान," ती लगेच म्हणाली.

"अगं, गिळ तरी आधी!"

"तुम्ही म्हणाल तसं, मावशी."

इथे आल्यापासून अकरा दिवसांत सगळ्यांना तिचं हे एकच उत्तर. काल भावाचा निरोप आला होता. रविवारी सासरी किमची घालायची आहे, झालं गेलं विसर, लेकीला घेऊन परत ये. या घराच्या ऑफिसातल्या ताईंना आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. त्यावरही ती मावशींना हेच म्हणाली होती.

"मी काही म्हणत नाही," मावशी म्हणाल्या. "जीभ तुझी आहे, तिला विचार."

पलीकडे कोबी भरत बसलेली ह्यांगसिम खिदळली. "जपून हं बाई! सतरा वर्षं यांच्या मसाल्याला कुणी नाव ठेवलेलं नाही. ठेवशील तर सगळी घमेली तुलाच घासायला लागतील."

मिरानने दुसरं पान घेतलं. या वेळी सावकाश चावलं. चव चुकली की नाही, हे आजवर तिला नवऱ्याने भिंतीवर आपटलेल्या वाटीवरून कळायचं. आता समोर वाटी नव्हती, भिंत नव्हती. नुसती एक म्हातारी होती, कोपरापर्यंत गुलाबी हातमोजे घातलेली, आणि ती वाट बघत होती. पालथ्या घातलेल्या टोपल्यावर बसलेली सहा वर्षांची दामीही आईच्या तोंडाकडे बघत होती.

"मीठ..." मिरान म्हणाली.

"काय?"

"मीठ कमी आहे."

म्हणाली आणि मान खाली घालून बसली. खांदे आपसूक वर आले.

"ऐकलंत का गं?" मावशी गरजल्या. "कालपरवा आलेली पोर मला सांगतेय, मीठ कमी आहे! मग बघत काय बसलीस? खारवलेला जवळा घाल. त्या मोठ्या रांजणामागे आहे."

मिरान उठली. रांजणामागे एक वाटी होती, काठोकाठ मोजून भरलेली, वर स्वच्छ फडकं झाकलेलं. सकाळीच कुणीतरी बाजूला काढून ठेवलेली.

तिने वाटीकडे पाहिलं. मावशींकडे पाहिलं. मावशी मुळ्याचे काप हलवण्यात गढून गेल्या होत्या.

"गेल्या वर्षी 'मीठ कमी' म्हणायला मला तीन घास लागले होते," ह्यांगसिम कोबीकडे बघत पुटपुटली.

मिरानने जवळा मसाल्यात घातला. कालवला, चाखला. पुन्हा घातला, पुन्हा चाखला. तळाशी दोन चमचे उरले असताना हात थांबला.

"सगळा घाल की," मावशी म्हणाल्या.

"नको. आता पुरे. खारट होईल."

मावशींनी मान वर केली.

"बरं," त्या म्हणाल्या. "आणि भावाला काय कळवायचं?"

पान उचलावं, मसाला भरावा, पानावर पान मिटावं. मिरानचे हात चालू लागले होते.

"सांगा, मी इथली किमची घालतेय. मुरल्यावर रांजण उघडायलाही मीच लागेन."

मग तिने एक पिवळं कोवळं पान निवडलं, गुंडाळलं आणि हात उचलला. टोपल्यावरच्या दामीने डोळे न मिटता तोंड उघडलं.